कमानपाटा तापवून गाडी खाली बसवू नका

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकन हॉट रॉडवरच्या (जुन्या मोटारींत फेरफार करून बांधलेल्या वेगवान गाड्यांवरच्या) लेखात, मागची उंची कमी करायला कमानपाटे (चाकांवरचे वजन पेलणारे कमानीसारखे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग) गॅसने तापवून बसवतात, असे ओझरते म्हटले आहे. कृपया कोणी हे करू नये. लाल होईपर्यंत तापवले की पोलादाचे पाणी उतरते, म्हणजे त्याचा ताठपणा जातो. मग पाटा थोड्याच दिवसांत बसतो, नाहीतर तापवल्या जागी मोडतो. मेन पाटा (सर्वात लांब, मुख्य पट्टी) मोडला की अ‍ॅक्सल एका बाजूने सरकतो आणि गाडी हातात राहत नाही.

१९४८ पर्यंतच्या फोर्ड मोटारींना मागे एकच आडवा पाटा असे. हॉट रॉड बांधणारे अनेकजण तो काढून दोन्ही बाजूंना लांबीत पाटे बसवतात. पुढचा तपशील अशा गाडीचा.

आधी सपाट जागी, टायरमध्ये नेहमीची हवा आणि अर्धी टाकी भरून, दोन्ही बाजूंना अ‍ॅक्सल ते चासी अंतर मोजावे. अर्ध्या इंचाहून जास्त फरक निघाला तर एका बाजूचा पाटा थकला आहे. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मधे ठोकळा घालून तो बरा होत नाही.

पाटा अ‍ॅक्सलच्या खालून जात असेल तर मधे घातलेला २ इंची ठोकळा गाडी २ इंच खाली आणतो. पाटा अ‍ॅक्सलच्या वर असेल तर तोच ठोकळा गाडी उचलतो! इथे हमखास गफलत होते. ठोकळा पोलादी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा, लाकडाचा कधीच नको. एकावर एक दोन नकोत आणि ३ इंचांच्या वर जाऊ नये, कारण उंच ठोकळ्यामुळे ब्रेक मारताना पाट्याला जास्त पीळ बसतो. सेंटर बोल्टचे (पाट्याच्या पट्ट्या मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचे) डोके ठोकळ्याच्या भोकात पूर्ण बसले पाहिजे. पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे आणि तेवढे लांब हवेत. नट तिरप्या क्रमाने आवळावेत, शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा.

उंची वाढवायला लांब शॅकल (पाट्याचे मागचे टोक चासीला जोडणारी हलती कडी) लावतात. पण २ इंच लांब शॅकलने गाडी १ इंचच उचलते, शिवाय पिनियनचे (प्रोपेलर शाफ्ट जिथे मागच्या अ‍ॅक्सलला जोडतो त्या गिअरचे) तोंड वर फिरते आणि प्रोपेलर शाफ्ट थरथरतो. तो कोन सुधारायला पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मधे पोलादी पाचर लावावी. गिअरबॉक्स मागच्या बाजूला ३ अंश खाली झुकला असेल तर उभ्या गाडीत पिनियन १ ते २ अंश वर ठेवावे. उरलेला कोन चालताना पाट्याच्या पिळाने भरून निघतो.

सर्वात जास्त चुकते ते रबरी बुशांच्या बाबतीत. पाट्याच्या डोळ्यांतले (टोकांच्या गोल कड्यांतले, जिथे हे बुश बसतात) बोल्ट गाडी चाकांवर, पूर्ण वजनात उभी असतानाच शेवटचे आवळावेत. जॅकवर आवळले तर बुश पिळलेले राहतात, उंची खोटी दिसते आणि रबर लवकर फाटते.

कमानच कमी करायची असेल तर पाटेवाल्याकडून दोन्ही बाजू एकाच वेळी, थंड अवस्थेत करून घ्याव्यात. कमान उतरली की पाटा लांबतो, म्हणून शॅकल मागे चासीला घासत नाही ना, ते पाहावे.

आपल्याकडे ५० वर्षांहून जुनी गाडी असलेल्यांनी चासीला खाच तर मुळीच पाडू नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसेल तरच विंटेज नोंदणी मिळते. ठोकळा आणि पाचर काढता येतात, कापलेली चासी पूर्ववत होत नाही.

– एक वाचक, पुणे