मीटिंगचा पत्ता ‘आजचे कार्यक्रम’ सदरात छापावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दारू सोडू इच्छिणाऱ्या माणसाला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे बोलण्यात ज्याला आपण ‘एए’ म्हणतो त्या गटांच्या मीटिंगचा खात्रीशीर पत्ता ठाणे आणि नवी मुंबईत सहज मिळत नाही, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी माझे यजमान आपण होऊन म्हणाले, ‘आज मला कुठेतरी घेऊन चल.’ बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. एका रुग्णालयाच्या ओपीडीत आम्हाला झेरॉक्स काढलेला कागद मिळाला. त्यावर नौपाड्यातील एका शाळेचे नाव आणि सायंकाळी सातची वेळ होती. वागळे इस्टेटहून आम्ही वेळेआधी पोहोचलो, तर शाळेला कुलूप. ती मंडळी वर्षभरापूर्वीच दुसरीकडे गेल्याचे रखवालदाराने सांगितले. परतताना यजमान एक शब्दही बोलले नाहीत आणि त्या रात्री ते पुन्हा प्यायले. तशी सकाळ पुन्हा उजाडायला पाच महिने लागले. त्या वेळी मी आधी फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी आम्ही कुठे आहोत एवढेच विचारले, आणि अर्ध्या तासात ते ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाच्या जिन्याखाली आम्हाला न्यायला येऊन उभे होते.

जुना पत्ता हातात पडण्यामागे कोणाचा हलगर्जीपणा होता असे मी म्हणणार नाही. हे गट प्रवेश फी घेत नाहीत आणि बाहेरची देणगीही स्वीकारत नाहीत. सभासद स्वेच्छेने जे देतात त्यातून चहा आणि खोलीचे भाडे भागवले जाते. साहजिकच बैठकी शाळांच्या वर्गांत किंवा कुणी दिलेल्या एखाद्या सभागृहात भरतात, आणि परीक्षा, सुट्टी किंवा निवडणूक आली की जागा सोडावी लागते. शिवाय स्वतःची जाहिरात न करण्याची त्यांची परंपरा आहे. 1935 मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे शेअर बाजारात काम करणारा एक मद्यासक्त आणि तसाच एक शल्यचिकित्सक एकमेकांशी बोलत बसले, त्यातून ही चळवळ उभी राहिली. आजही तिचे काम एका व्यसनी माणसाने दुसऱ्याला आपला अनुभव सांगण्यावरच चालते. पण ज्याला तो दुसरा माणूस अजून भेटलेलाच नाही, त्याने जायचे कुठे?

पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या मनात जी धास्ती असते ती मी जवळून पाहिली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तिथे आडनाव, नोकरी, पगार कोणी विचारत नाही. दारू थांबवण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. बोलण्याची सक्ती नसते. माझे यजमान पहिल्या सहा बैठकींत केवळ मागच्या बाकावर बसून ऐकत होते. ‘ओपन’ मीटिंगला घरच्यांनाही बसता येते, ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला हा त्रास आहे त्यांच्यासाठी असते. हा फरक ठाऊक नसल्याने दारातून परत फिरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हे वेगळे गट आहेत, आणि माझी झोप मला तिथे परत मिळाली. ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने ठाण्यातील काही जण मुद्दाम ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून वाशी-नेरूळकडे जातात, तर तिकडचे काही इकडे येतात. हेही चालते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकाएकी दारू बंद केली, तर हातापायांना कंप सुटणे, आकडी येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतू शकणारे प्रकार घडतात. मीटिंग हा औषधोपचाराला पर्याय नाही. दोन्ही बरोबरीने चालावे लागते.

आपल्या दैनिकात ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात व्याख्याने, भजने, वधू-वर मेळावे रोज छापले जातात. त्याच सदरात आठवड्यातून एक दिवस, गटांकडून फोनवर खात्री करून, त्या आठवड्यातील मीटिंगची जागा, वार, वेळ, भाषा आणि ती ओपन की क्लोज्ड एवढे छापावे, ही माझी विनंती आहे. सोबत केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा 14446 हा निःशुल्क क्रमांक द्यावा. दोन्ही महापालिकांनी आपल्या रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत हीच यादी तारखेसह लावावी आणि दर महिन्याला बदलावी. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पाळीने काम करणाऱ्यांना संध्याकाळची वेळ जमत नाही. त्यांच्यासाठी सकाळी एखादा वर्ग मिळाला, तर बैठक चालवायला गटातील माणसे तयार होतील असे मला वाटते.

वृत्तपत्रात सभासदांची नावे येऊ नयेत असा या गटांचा दंडक आहे आणि तो मलाही लागू आहे. म्हणून माझे नाव व पत्ता आपल्याकडेच ठेवावा.

आपली,
एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे