सवय शरीराला लागत नाही, जंतू बदलतात

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पानावर अँटिबायोटिकबद्दल लेख आला, विषय घेतलात हे फार बरं केलंत, पण त्यात एका ठिकाणी असं लिहिलंय की सारखं सारखं औषध घेतलं की शरीराला त्याची सवय होते आणि मग ते लागू पडत नाही. मी राजारामपुरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं काम करते, कल्चरचं टेबल, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून बघायचं काम, माझ्याकडंच असतं, आणि हे वाक्य मी रोज ऐकते, काउंटरवर पेशंट बोलतात, शिकलेली माणसं बोलतात, परवा तर एका नर्सनंही तेच सांगितलं. म्हणून म्हटलं यावेळी पत्र लिहायचंच. शरीराला सवय वगैरे काही होत नाही. बदलतो तो जंतू. आणि हा नुसता शब्दांचा फरक नाही, सगळी गडबड इथूनच चालू होते.

घरचंच सांगते. माझ्या सासूबाई, वय एकाहत्तर. गोळी म्हटलं की अंगावर काटा येणारी बाई, ताप आला तरी सुंठ घालून काढा आणि गोधडी. दिवाळीनंतर त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली, डॉक्टरांनी युरिन कल्चर लिहून दिलं, ती प्लेट मीच लावली आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघितली तर ई. कोलाय हा आतड्यातला जंतू वाढलेला, त्याची सेन्सिटिव्हिटी (कुठलं औषध लागू पडतं ती तपासणी) लावली तर ॲम्पिसिलिन आर, अमॉक्सिक्लॅव आर, सेफिक्झिम आर, सेफ्ट्रायॅक्सोन पण आर. आर म्हणजे रेझिस्टंट, लागू पडणार नाही. घरी जाऊन सांगितलं तर त्या माझ्यावरच चिडल्या, "मी कवा एवढ्या गोळ्या खाल्ल्या गं, माझ्या अंगाला कशाची सवय लागतीय?" आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं! त्यांच्या अंगाला कसलीच सवय नव्हती. तो जंतूच कुठूनतरी तयार होऊन आलेला होता, कुणाच्यातरी पोटातून, पाण्यातून, हातातून, कुठून ते सांगता येत नाही.

आता हे तयार होणं म्हणजे काय ते कळायला आधी पेनिसिलिन जंतूला मारतं कसं ते बघायला लागतं, कारण वरची चारही औषधं त्याच्याच पद्धतीनं मारतात. आपल्या कोल्हापुरात फुटबॉल कुणाला समजावून सांगायची गरज नाही म्हणून त्याचंच उदाहरण देते. माझे सासरे तरुणपणी तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळायचे, त्यांचा जुना कातडी बॉल अजून माळ्यावर आहे. आत ब्लॅडर, त्यात गच्च हवा, आणि बाहेरून कातड्याचे तुकडे एकमेकांना शिवलेले. हवा धरून ठेवते ती शिवण. एका जागी शिवण उसवली की तिथनं ब्लॅडरचा फुगा बाहेर येतो आणि मग फाटकन फुटतो.

जंतूचं अगदी तसंच आहे. आत सगळा माल ठासून भरलेला, बाहेरचं पाणी सारखं आत शिरायला बघतं, त्या दाबानं तो फुटू नये म्हणून बाहेरून एक कवच असतं, त्याचं नाव पेप्टिडोग्लायकन. साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या आणि त्या आडव्या टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या. हे टाके घालायला जंतूकडं एक एन्झाइम असतं, चप्पल लाईनीत बसलेल्या कारागिराची आरी असते ना तसं समजा. प्रत्येक साखळीला एक छोटं शेपूट लोंबत असतं, त्याच्या टोकाला ॲलानिनचे दोन मणी. आरी ते टोक पकडते, शेवटचा मणी तोडते आणि उरलेलं शेपूट शेजारच्या साखळीला जोडून टाकते. झाला टाका.

पेनिसिलिनचा रेणू दिसायला त्या दोन मण्यांच्या टोकासारखाच असतो. आरी फसते, त्याला धरते, आणि पेनिसिलिनच्या मधोमध चार कोपऱ्यांचं एक कडं असतं, बीटा-लॅक्टम रिंग म्हणतात त्याला, ते मुळातच ताणून बसवल्यासारखं असतं, ते फटकन उघडतं आणि आरीला चिकटून बसतं, सुटतच नाही. आरी निकामी. आता गंमत अशी की वाढणाऱ्या जंतूला अंग मोठं करायचं म्हणजे जुने टाके थोडे थोडे सोडवायला लागतात, ते सोडवायचं काम चालूच राहतं आणि नवीन टाका मात्र पडत नाही. शिवण उसवते, फुगा बाहेर येतो, जंतू फुटतो. म्हणून पेनिसिलिन वाढणाऱ्या जंतूवर चालतं, गप्प झोपून राहिलेल्यावर फारसं नाही. आणि आपल्या पेशींना असलं कवचच नसतं म्हणून आपली शिवण उसवायचा प्रश्नच येत नाही (ॲलर्जी हा वेगळा विषय, ती असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच पाहिजे). सर्दी, फ्लूच्या व्हायरसलाही असलं कवच नसतं, म्हणजे तिथं हे औषध घेऊन व्हायरसचं काहीच बिघडत नाही, पोटातल्या बाकीच्या जंतूंतले साधे मात्र उगाच मरतात आणि न जुमानणारे उरतात.

मग जंतू वाचतो कसा? एक म्हणजे तो ते चौकोनी कडंच तोडून टाकणारं एन्झाइम बनवतो, बीटा-लॅक्टमेज. पेनिसिलिन आरीपर्यंत पोचायच्या आतच मोडून पडतं, आणि यातल्या काही एन्झाइमांचा एकेक रेणू सेकंदाला शेकडो पेनिसिलिन मोडतो. हे मला रोज डोळ्यानं दिसतं. गळवाच्या पुवातला स्टॅफिलोकॉकस जंतू (थोडक्यात स्टॅफ) आम्ही प्लेटवर पसरतो, त्यावर औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवतो, रात्रभर ३५ डिग्रीला ठेवून सकाळी बघतो. औषध लागू असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल रिकामा राहतो, तो पट्टीनं मोजायचा. पेनिसिलिनच्या चकतीला २९ मिलिमीटर किंवा जास्त आला की आकड्याप्रमाणं औषध लागू. पण नुसत्या आकड्यावर रिपोर्ट द्यायचा नसतो, प्लेट उजेडाकडं धरून त्या गोलाची कड बघायची. कड विरत विरत गेली असेल, पंचगंगेची मळी, म्हणजे काठाची गाळाची जमीन, पाण्याकडं हळूहळू उतरत जाते तशी, तर ठीक. पण कड पन्हाळ्याच्या कड्यासारखी एकदम तुटलेली असेल, कडेपर्यंत जंतू दाट आणि पुढं एकदम काहीच नाही, तर समजायचं की हा एन्झाइम बनवणारा आहे, गोल मोठा दिसला तरी आर लिहायचं. मी नवीन लागले तेव्हा सरांनी मला हे पहिल्या आठवड्यात दाखवलं होतं, आणि आता गळवाच्या प्लेटमध्ये मळी दिसली की मी शेजारच्या टेबलावरच्या पोरींना बोलवून दाखवते, इतकी ती कमी दिसते. जुनी माणसं सांगतात ना की पूर्वी पेनिसिलिनच्या सुईनं गळू बसायचं, ते खोटं नाही, तेव्हाचा स्टॅफ वेगळा होता.

यावर माणसानं तोड काढली. मेडिकलमध्ये जाऊन "सहाशे पंचवीस द्या" म्हणणारे रोज कितीतरी असतात, पण त्या ६२५ मध्ये काय आहे हे कुणी विचारत नाही. ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनचाच भाऊ, आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक ॲसिड. हे १२५ वालं स्वतः जंतूला फारसं मारत नाही, ते फक्त त्या तोडणाऱ्या एन्झाइमच्या तोंडात जाऊन अडकतं आणि तेवढ्यात ५०० वालं आपलं काम करून घेतं. किती सुंदर डोकं लावलंय बघा. पण जंतूंनी त्यालाही उत्तर दिलंय. मेथिसिलिन नावाचं औषध मुद्दाम असं बनवलं होतं की ते स्टॅफच्या एन्झाइमला तुटू नये, १९६० च्या सुमारास वापरात आलं आणि १९६१ साली इंग्लंडमध्ये त्यालाही न जुमानणारा स्टॅफ सापडला, तोच एमआरएसए. त्यानं काय केलं, औषध तोडायच्या भानगडीत न पडता आरीच दुसरी आणली, जिला पेनिसिलिन नीट चिकटतच नाही. मग तिथं ६२५ घ्या नाहीतर साधं पेनिसिलिन घ्या, १२५ वाल्याला अडकायला तोंडच नाही. ई. कोलायसारखे जंतू आणखी पुढं जातात, अंगावरची बारीक दारं कमी करतात, आत आलेलं औषध पंपानं बाहेर फेकतात, आणि त्यांच्या एन्झाइमला तर आता सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्सोन पण पचतं. सासूबाईंचा जंतू त्यातला होता. त्यांना नायट्रोफ्युरँटॉइन लागू पडलं कारण त्यात ते कडंच नाही, एन्झाइम तोडणार काय? पाच दिवसात बऱ्या झाल्या, देवाची कृपा. तो किडनीपर्यंत चढला असता तर ही गोळी उपयोगाची नव्हती, ॲडमिट करून सलाईनमधनं औषध द्यायला लागलं असतं.

हे सगळं जंतू शिकून करत नाहीत हेही लिहायला पाहिजे. ई. कोलायला चांगलं खायला मिळालं तर वीस मिनिटात एकाचे दोन होतात, अशा कोट्यवधीत एखाद्याचा जीन चुकून बदललेला असतो किंवा शेजारच्यानं त्याला दिलेला असतो. हो, देतात! प्लाझ्मिड म्हणून डीएनएचं छोटं कडं असतं ते एक जंतू दुसऱ्याला देतो, वेगळ्या जातीच्यालाही देतो. औषध आलं की साधे मरतात, हा एकटा उरतो आणि सगळं रान त्यालाच मोकळं.

शरीराच्या सवयीची गोष्ट खोटी आहे याचा याहून मोठा पुरावा तर इतिहासातच आहे. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनी लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये १९२८ साली बुरशीभोवती स्टॅफ मेलेला बघितला हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. ऑक्सफर्डमध्ये पेशंटला इंजेक्शन द्यायला सुरुवात झाली १९४१ साली. पण तिथल्याच एब्राहम आणि चेन या दोघांनी पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम जंतूत सापडल्याचं १९४० सालीच छापलं होतं. म्हणजे पेशंटला पहिली सुई टोचायच्या आधीच जंतूकडं हत्यार तयार! कुणाच्या शरीराला सवय लागली होती तेव्हा? मातीत बुरशी आणि जंतू यांची मारामारी माणसाच्या कितीतरी आधीपासून चाललीय, आपण फक्त तिच्यात मध्ये पडलो.

आणि फ्लेमिंगनी १९४५ च्या नोबेल भाषणात एक गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणून थोडं थोडं घेतो, जंतू मरत नाहीत, तगडे होतात, ते त्याच्या बायकोला जातात, तिला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिन देऊनही ती मरते. त्या बाईनं आधी काहीच घेतलेलं नव्हतं. (गोष्टीतला घशाचा स्ट्रेप्टोकॉकस नेमका आजही पेनिसिलिनला मरतो, म्हणून तर लहान मुलांच्या संधिवाताच्या तापात अजून दर तीन आठवड्यांनी तीच सुई देतात, पण बाकीच्या जंतूंनी त्यांचं म्हणणं खरं करून दाखवलं.) २०१९ या एका वर्षात जगात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळं १२ लाख ७० हजार माणसं गेली असा अंदाज लॅन्सेटमध्ये छापून आलाय.

शरीराला सवय लागते असं म्हटलं की माणूस म्हणतो माझं शरीर, माझी सवय, मी बघून घेईन. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात माझ्यासमोर एकानं सर्दीसाठी सेफिक्झिमच्या चार गोळ्या मागितल्या, चिठ्ठी नाही काही नाही, दुकानदारानं कात्रीनं पट्टी कापली, दिल्या. चिठ्ठीशिवाय घेऊ नये म्हणून पट्टीवर जी लाल रेघ असते तो तुकडा दुकानातच राहिला. अशी औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, सेफिक्झिमसारख्यांची तर पेशंटच्या आणि डॉक्टरच्या नावासकट वेगळ्या वहीत नोंद ठेवायची, हा शेड्यूल एच-वनचा नियम १ मार्च २०१४ पासून आहे. मी बोलले तर तो गिऱ्हाईकच मला म्हणतो, "ताई, मी कधीच घेत नाही, मला सवय नाही लागायची." बघा, हेच ते वाक्य!

दुधाचंही तसंच. माझं माहेर कागल तालुक्यात, भावाच्या चार म्हशी. एकदा आईचं विरजण दोन दिवस लागेना, दूध नुसतं पातळ पाण्यासारखं, आई म्हणे कुणाची दृष्ट लागली. मी भावाला विचारलं तर एका म्हशीच्या कासेला दगडी (कासेचा सुजेचा आजार) झाली होती म्हणून सडात ट्यूब सोडलेली, आणि तिचं दूध घरच्या दुधात मिसळलेलं. ट्यूबमध्ये पेनिसिलिनच्या घराण्यातलंच औषध होतं, विरजणातले जंतू त्याला लगेच मरतात, आणि दूध उकळलं तरी ते सगळं जात नाही. ट्यूबवर किती दिवस दूध वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात आणि इंग्रजीत, भावानं वाचलं नव्हतं. आता वाचतो, मला फोटो पाठवून विचारतो. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या आपल्या गावानं हे तरी माहीत करून घ्यायला पाहिजे.

किती दिवस गोळ्या घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील, आजकाल काही आजारात कमी दिवस पुरतात असंही दिसलंय, पण ते आपण आपल्या मनानं ठरवायचं नाही, आणि उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या वेळी शेजारणीला द्यायच्या तर अजिबात नाहीत.

एवढी विनंती आहे की ते सवयीचं वाक्य दुरुस्त करून छापा, छोट्या चौकटीत छापलं तरी चालेल. पत्रासोबत आमच्या लॅबमधल्या दोन प्लेटचे फोटो पाठवतेय, पेशंटचं नाव कशावरही नाही. एका गोलाची कड मळीसारखी आहे, दुसऱ्याची पन्हाळ्यासारखी. जागा असेल तर दोन्ही शेजारी शेजारी छापा, वेगवेगळे छापले तर फरक दिसत नाही.

आपली नम्र,
एक लॅब टेक्निशियन, राजारामपुरी, कोल्हापूर