व्यायामाची सुरुवात खुर्चीवरून होऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत घरच्या घरी फिट कसं व्हायचं यावर अधूनमधून लेख येतात, मी सगळे वाचते, पण खरं सांगायचं तर ते आधीच बारीक असलेल्यांसाठी लिहिलेले असतात. फोटोत सडपातळ मुलगी, मागे समुद्र, आणि पहिलंच वाक्य 'मॅटवर पाठीवर झोपा'. अहो, नव्वद किलोची बाई झोपेल हो एकवेळ, उठवणार कोण? आधी कुशीवर वळायचं, मग पलंगाची कड धरून एक गुडघा टेकायचा, तो टाइल्सवर असा काय दुखतो, मग दुसरा पाय पुढे आणायचा तर मध्ये पोट, आणि तेवढ्यात पोरं दारात उभी राहून हसतायत. व्यायाम राहिला बाजूला, उठण्यातच दम जातो. सूर्यनमस्काराचं पण तेच, उत्तम आहे त्यात वाद नाही, पण पाय मागून दोन हातांच्या मध्ये आणायचा तर आमच्यासारख्यांना जागाच नसते तिथे.

आणि आमच्यासारखे थोडे नाहीत हो गोव्यात. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) मोठा अभ्यास २०२३ साली आला त्यात मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के, म्हणजे चार माणसांत एक. सगळंच काय वजनामुळे नसतं, पण पोटाचा घेर त्यात आहेच. आपल्याकडे बायकांचा घेर ८० सेंटिमीटर आणि पुरुषांचा ९० च्या वर गेला की जपायला सांगतात, आता टेप घेऊन बघा घरात कोण कोण त्यात बसतंय ते.

माझं म्हणणं एवढंच की सुरुवात जमिनीवरून नको, खुर्चीवरून करायला शिकवा. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची (प्लास्टिकची नको, ती सरकते आणि वजनदार माणूस बसला की पाय फाकवते), थोडं पुढे बसायचं, पावलं गुडघ्यांच्या खाली, अंग पुढे झुकवायचं आणि उठायचं, मग धप्पकन न बसता हळूहळू खाली यायचं. खरी मेहनत त्या खाली येण्यातच असते, मांड्या थरथरतात. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, जमायला लागलं की उशी काढा. दंड-छातीसाठी भिंतीपासून हातभर लांब उभं राहून भिंतीला दोन्ही तळवे लावून पुशअप्स, ते सोपे वाटले की किचनच्या ओट्याला. शीत (भात) शिजेपर्यंत होतात, त्यासाठी वेगळा टाईम लागत नाही.

टाईमवरून आठवलं. आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, हे ऐकूनच बरेच जण गप्प बसतात. पण पूर्वी एका वेळी किमान १० मिनिटं तरी व्हायला हवीत असं जे होतं ते त्यांनी २०२० मध्ये काढून टाकलं, हे कोणी छापतच नाही! म्हणजे सकाळी पाच मिनिटं, पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की गेटपर्यंत दोन फेऱ्या, संध्याकाळी परत पाच, सगळं धरायचं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही एवढा दम लागला की झाला मध्यम व्यायाम, त्याला घड्याळ-बिड्याळ काही लागत नाही. पावसात तर इथे जून ते सप्टेंबर बाहेर चालायचं नावच नको, रस्ते बघताच तुम्ही, तेव्हा हॉलमधून बाल्कांवपर्यंत (पुढच्या ओसरीपर्यंत) फेऱ्या मारायच्या, फक्त पावसाळ्यात टाइल्स ओल्या होतात ते सांभाळा. जेवल्यावर दहा मिनिटं चाललं तर साखर कमी चढते, पण आपल्याकडे जेवण झालं की झोप! झोपा की, गोंयकाराची दुपार कोण काढून घेणार, फक्त आधी फेऱ्या मारा.

माझ्या वहिनीला इथल्याच एका जिममध्ये पहिल्याच दिवशी उड्या मारायला लावल्या, घरी आली ती गुडघा धरूनच आणि परत गेली नाही. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळजवळ चार किलोने कमी होतो, मग वजन जास्त असताना उड्या मारल्यावर काय होत असेल ते तुम्हीच बघा. आणि लोकांना हे पण सरळ सांगा की नुसत्या व्यायामाने काटा लवकर हलत नाही, खाण्याकडे बघावंच लागतं, पण काटा हलायच्या आधी जिना चढताना फरक कळतो, झोप बरी लागते. महिन्याभरात दहा किलो वगैरे मथळे प्लीज बंद करा. बीपी, हृदयाचा त्रास असेल किंवा साखरेच्या गोळ्या-इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरना विचारा, छातीत दुखलं की तिथेच थांबा, हे मात्र ठळक अक्षरात छापा. घामाने जांघेत, काखेत सोलतं त्याबद्दल पण कोणीतरी लिहा, लाजेने कोणी बोलत नाही पण निम्मे लोक त्यामुळेच सोडतात असं मला वाटतं.

तर पुढच्या वेळी खुर्ची, भिंत, ओटा यावरचा एक लेख येऊ दे, कोणा फिजिओथेरपिस्टकडून लिहून घ्या, आणि फोटो जाड माणसांचे टाका. कोण मिळत नसेल तर आमच्या वाड्यावरच्या चारपाच जणी तयार आहेत, कपडे मात्र आम्ही आमचेच घालणार.

आपली,
एक वाचक, फोंडा