वनमंत्र्यांना खुले पत्र: रानपिंगळ्याचे दात कोण बघणार?

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सप्रेम नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, परवा आखाजी झाली. आमच्या खान्देशात या सणाला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, आणि ऊन असं असतं की दुपारी कुत्रंसुद्धा रांजणाखालची ओल सोडत नाही. आता दहा दिवसांत बुद्धपौर्णिमा येईल. आपल्या खात्याची माणसं आणि माझ्यासारखे हौशी सातपुड्यातल्या पाणवठ्यांवर मचाणं बांधून बसतील, चांदण्यात रात्रभर डोकी मोजतील. सकाळी तक्ता भरून वर जाईल. मी स्वतः अनेकदा बसलोय. मोजणीला माझा विरोध नाही. मोजून झाल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, एवढीच तक्रार आहे.

मी निवृत्त पशुवैद्यक. सगळी नोकरी तळोदा, शहादा, यावल, रावेर या पट्ट्यात झाली. गुरांच्या बाजारात बैल घेणारा आधी काय करतो? बैलाचा ओठ वर करतो. दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला, हे पाहिल्याशिवाय तो भाव बोलत नाही. म्हैस घेताना कितवं वेत ते विचारतो, कारण तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत दूध चढतं आणि पुढे उतरणीला लागतं. ‘दाराशी दहा जनावरं आहेत’ एवढ्यावर आमच्याकडे कुणी फसत नाही. दहातली आठ थकलेली असली तर?

मी आजवर भरलेल्या तक्त्यांत रानपिंगळ्यासाठी, म्हणजे आमच्या रानातल्या या छोट्या घुबडासाठी, मात्र एकच रकाना होता: किती दिसले.

या पक्ष्याची कथा आपल्याला कुणीतरी सांगितली असेलच, तरी थोडक्यात सांगतो. १८७३ मध्ये इंग्रज पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. खान्देशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात आमच्याच बाजूला त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना नाही. मध्येच माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज कर्नलाने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला आपण तो मिळवल्याचं दाखवलं. प्रत्यक्षात तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता, वर खोटी चिठ्ठी लावलेला. शोधणारे त्या चिठ्ठीपायी भलतीकडे फिरत राहिले. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी पकडली, जुने खरे पत्ते हाती धरले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना तो भर दिवसा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! एका खोट्या नोंदीने काय होतं आणि खऱ्या नोंदीने काय होतं, हे दोन्ही या वीतभर पक्ष्याने दाखवून दिलं. नोंदीच्या बाबतीत मी हट्टी आहे तो यामुळे.

पुढे तो मेळघाटात, मध्य प्रदेशात, गुजरातेत, अगदी तानसाच्या जंगलातही सापडला. २०१८ मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत त्याची एक पायरी सुधारली. प्रौढ पक्षी २५० ते ९९९, असा अंदाज तिथे दिलेला असतो. प्रौढ म्हणजे किती दाती?

अडचण अशी की पक्ष्याला दात नाहीत. एकदा मोठी पिसं आली की दोन वर्षांचा आणि दहा वर्षांचा पक्षी डोळ्यांना सारखाच. मिशी पिकत नाही, कातडी लोंबत नाही. त्यामुळे १९५० च्या सुमाराला जीवशास्त्रातले मोठमोठे लोकही धरून चालायचे की रानात कुणी म्हातारं होतच नाही, त्याआधीच ससाणा, उपासमार किंवा थंडी त्याला गाठते. ही समजूत मोडली ती पक्ष्याच्या पायात नंबराची कडी घालून वर्षानुवर्षं त्याच पक्ष्याचा माग ठेवणाऱ्या माणसांनी. २०१३ मध्ये अशा अभ्यासांचा आढावा निघाला, तेव्हा १७५ प्राणिजातींत मोकळ्या रानातल्या म्हातारपणाचे पुरावे जमा झालेले होते. पक्ष्यांमध्ये पुष्कळदा म्हशीच्या वेतांसारखंच दिसतं. पहिल्या विणीत जोडी चुकतमाकत शिकते, मग काही वर्षं हात बसलेला असतो, आणि मग उतार.

उताराचा वेग जातीजातीत वेगळा, हेही कडीनेच कळलं. पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर १९५६ मध्ये पक्षितज्ज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या एका मादीच्या पायात कडी घातली. रॉबिन्स २०१७ मध्ये ९८ व्या वर्षी वारले. त्या मादीने, तिला विस्डम म्हणतात, २०२४ च्या अखेरीस पुन्हा अंडं घातलं. वय सत्तरीच्या पुढे! पक्ष्याचं रक्त आपल्यापेक्षा गरम, रक्तात साखर जास्त, हृदय धावतं. डॉक्टरी हिशेबाने त्याने लवकर झिजायला हवं. तरी त्याच वजनाच्या सस्तन प्राण्यापेक्षा पक्षी सहसा जास्त जगतो. म्हणजे झीज भरून काढायची सोय त्याच्याकडे उत्तम आहे. पण त्या सोयीला खर्च येतो, आणि खर्च दोन ठिकाणी वाटायचा असतो: स्वतःचं शरीर आणि पिल्लं.

हॉलंडमध्ये खरुचीवर झालेला प्रयोग मला यासाठी फार बोलका वाटतो. खरुची म्हणजे हिवाळ्यात आपल्या कपाशीच्या शेतांवर एका जागी पंख फडफडवत तरंगणारा तोच छोटा शिकारी. संशोधकांनी काही घरट्यांत दोन पिल्लं जास्तीची ठेवली. आईबापांनी तक्रार केली नाही, जास्त उडाले, जास्त उंदीर आणले, सगळी पिल्लं पोसली. पुढे ज्या पक्ष्यांच्या मरणाची खबर मिळाली, त्यांत जादा पिल्लं पोसलेल्यांपैकी ६० टक्के पहिला हिवाळा संपायच्या आत गेले होते. बाकीच्यांत हे प्रमाण २९ टक्के होतं. १९९६ मध्ये हे छापून आलं. घरटं यशस्वी, पिल्लं उडाली, अहवाल उत्तम. आणि बिल आलं थंडीत.

आता हे आमच्या सातपुड्यात आणून बघा. रानपिंगळा जुन्या झाडाच्या ढोलीत साधारण दोन अंडी घालतो. विणीचा हंगाम ऑक्टोबरपासून थेट मेपर्यंत. मादी ढोलीत बसते, नर सरडे-उंदीर आणून देतो. पहिली वीण फसली तर जोडी पुन्हा अंडी घालते. फसते कशाने? घोरपड, साप हे जुनेच. पण वठलेलं झाड सरपणाला गेलं, कुपात (खात्याच्या तोडीच्या पट्ट्यात) तोडलं गेलं, किंवा फोटोवाल्यांनी ढोलीसमोर तळ ठोकला, तरी फसते. मग दुसरी ढोली शोधा, पुन्हा अंडी, आणि पिल्लं मोठी व्हायच्या वेळी एप्रिल उजाडतो. पक्ष्याचं अंग मुळातच ४०-४१ अंशांचं. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात जातो, सातपुड्याच्या पायथ्यालाही फार दया नसते. हवा अंगापेक्षा गरम झाली की उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, पाण्याची वाफ. पक्ष्याला घाम येत नाही. तो चोच उघडी ठेवून धापा टाकतो, आणि अंगातलं पाणी त्या वाटेने जातं. अशा दुपारी नराने शिकार करायची की सावलीत बसायचं? शिकार केली तर तो झिजतो, बसला तर पिल्लं उपाशी. याच जातीत नराने स्वतःचंच पिल्लू खाल्ल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केलेली आहे. वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या नराला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

आणि पुढच्या वर्षी मोजणीत काय दिसेल? तीच जोडी, त्याच नाल्यात. तक्त्यात दोन. आपण म्हणू, संख्या स्थिर आहे. पिंगळ्याच्या कुळातला युरोपातला छोटा भाऊ, ‘लिटल आउल’, कडीच्या नोंदींनुसार दहा वर्षांच्याही पुढे जगलेला आहे. असा पक्षी पिल्लं न देता कितीतरी वर्षं तक्त्यात ‘दोन’ म्हणून दिसत राहू शकतो. मग एखाद्या साली दोन्ही जातात आणि आपण अचानक काय झालं म्हणून समिती नेमतो.

झीज मोजता येते का? येते. पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमियर असतात. दाव्याचा पीळ सुटू नये म्हणून टोकाला गाठ मारतो ना, तसं काहीसं. वय, आजार, ओढाताण यांनी ही गाठ आखूड होत जाते, आणि रक्ताच्या थेंबावरून ती मोजता येते. स्वीडनमध्ये पाणगवतात राहणाऱ्या एका मोठ्या वटवट्या पक्ष्यावर काही दशकं काम झालं. ज्यांच्या रक्तात पक्ष्यांचा हिवताप मुरलेला होता ते वरून धडधाकट दिसत, गात, घरटी बांधत. पण त्यांच्या गाठी लवकर आखूड झाल्या, ते कमी जगले आणि त्यांची पिल्लंही कमी निघाली. आम्हा पशुवैद्यकांना याचं नवल नाही. सुप्त कासदाहात दूध पांढरंशुभ्रच दिसतं, सड सुजत नाही, आणि मालक म्हणतो गाय बरी आहे. चाचणी केली की कळतं.

सेशेल्समधल्या एका छोट्या वटवट्याचं उदाहरण तर आपल्या टेबलावर फ्रेम करून ठेवावं असं आहे. १९६८ मध्ये कझिन नावाच्या एकाच बेटावर तीसहून कमी पक्षी उरले होते. बेट राखलं, झाडी वाढू दिली, मग इतर बेटांवर पक्षी नेले, आज तो पाच बेटांवर आहे. आणि कझिनवरच्या जवळजवळ प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कड्या आहेत. कोण कुणाचा, कितव्या वर्षी पिल्लं झाली, कधी मेला, सगळं लिहिलेलं. त्या वह्यांतून २०१९ मध्ये एक छान गोष्ट बाहेर आली: ज्या वयस्क माद्यांना पिल्लं पोसायला घरातली जुनी पिल्लं हातभार लावतात, त्यांचं म्हातारपण लांबतं. आमच्या बांधावरचे सातभाईही असेच घोळक्याने पिल्लं पोसतात. (सासुरवाशिणी हे वाचून काय म्हणतील ते आखाजीच्या झोक्यावरच ऐकावं.) रानपिंगळ्याच्या जोडीला असा मदतनीस नाही. तिथे मदत म्हणजे ढोली शाबूत ठेवणं, एवढीच.

एक कबुली देतो. २००६ च्या आधी मी डायक्लोफेनॅक या दुखणं-सूज उतरवणाऱ्या औषधाची इंजेक्शनं मोप दिली. गुराला ताप, सूज, लंगडणं, की टोच. जनावर मेलं की गावाबाहेरच्या हाडकीवर ओढून टाकत, गिधाडं यायची. त्या औषधाने गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होतात हे २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये गुरांसाठी बंदी आली. तोवर आमच्या हाडक्यांवर फक्त कुत्री उरली होती. गिधाड चार-पाच वर्षांनी वयात येतं आणि वर्षाला एकच अंडं घालतं. अशा पक्ष्यात एक अंडं गेलं तर घर सावरतं, एक जाणती मादी गेली तर पुढची कित्येक वर्षं गेली. मी आणि माझ्यासारख्यांनी जाणतीच मारली, नकळत. तेव्हा कुणी डोक्यांबरोबर वयंही मोजत असतं तर आम्हाला आधीच हाक ऐकू आली असती, असं मला अजूनही वाटतं.

म्हणून मागणं असं. तळोदा, शहादा, अक्राणी आणि यावलच्या जंगलात रानपिंगळ्याच्या पायात कड्या घालून, ढोलीनिहाय नोंद ठेवणारं काम आपल्या खात्याने हाती घ्यावं, आणि ते वीस वर्षांसाठी मंजूर करावं. तीन वर्षांचा प्रकल्प नको. तीन वर्षांत संशोधकाची पदवी होते, पिंगळ्याचं आयुष्य होत नाही. हा पक्षी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला कुणीही उठून हात लावू नये हे बरोबरच; पण परवानगी, प्रशिक्षित माणूस आणि बीएनएचएससारखी (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) १९२७ पासून कड्या घालणारी संस्था, तिन्ही आपल्या एका सहीच्या अंतरावर आहेत. रक्ताचे थेंब तपासायला जळगावचं विद्यापीठ आहे. आणि रोजचा माग ठेवायला पाड्यावरची भिल्ल-पावरा पोरं घ्या, महिन्याच्या महिन्याला पगार देऊन. ढोली कुठे आहे हे त्यांना जीपीएसवाल्यांच्या आधी माहीत असतं. वठलेली, पोखरलेली झाडं ‘निरुपयोगी’ या शेऱ्याखाली तोडली जातात तो शेरा बदला. एका कार्यालयात मी हे बोललो तेव्हा मला विचारलं गेलं, “डॉक्टर, मेलेल्या झाडाचं काय एवढं?” उत्तर द्यायला मला अर्धा तास हवा होता, त्यांना जेवायला जायचं होतं. ते उत्तर म्हणजे हे पत्र समजा.

मोठ्या धोरणाला वेळ लागेल, मान्य. तोवर एक लहान काम. तळोद्याच्या जंगलात नाल्याकाठी एक वठलेली मोई आहे, साडेतीन पुरुष उंचीवर ढोली. दोन हिवाळे मी तिथे जोडी पाहिली, गेल्या वर्षी पिल्लं दिसली नाहीत. जागा इथे उघड लिहीत नाही, कॅमेरे पोहोचतील. या फेब्रुवारीत तिच्या बुंध्यावर तोडीसाठीच्या मार्किंगच्या हातोड्याचा ठसा पडलेला पाहिला. आपल्या वनक्षेत्रपालांना पाठवा, मी सोबत चालत जाऊन झाड दाखवतो. ऑक्टोबरच्या आत तेवढं एक झाड तोडीच्या यादीतून खोडा.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुवैद्यक
तळोदा, जि. नंदुरबार