सरासरीच्या आड दडलेली विषमता

महोदय,

नऊ जण महिना १०,००० आणि एक जण १० लाख कमावत असेल, तर सरासरी १,०९,००० येते! दरडोई उत्पन्नाचे आकडे म्हणूनच फसवे. जागतिक विषमता अहवाल २०२२ प्रमाणे जगातल्या वरच्या १० टक्क्यांकडे ७६ टक्के संपत्ती आहे, खालच्या निम्म्यांकडे जेमतेम २ टक्के. सोलापुरात बिडी वळणाऱ्या महिलांना मजुरी हजार बिड्यांमागे मिळते. पाने खराब निघाली, बिड्या छाटात गेल्या म्हणजे नाकारल्या गेल्या, की नुकसान त्यांच्याच माथी. वारशाने मिळणाऱ्या मालमत्तेवरचा कर देशाने १९८५ मध्ये काढला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात. साबणावरचा जीएसटी मात्र गरीब-श्रीमंत दोघांना एकाच दराने! मोठ्या वारशावर पुन्हा कर लावावा, मध्यमवर्गाचे राहते घर वगळून.

– एक वाचक, सोलापूर