कीबोर्ड बदलण्याआधी उजवी शिफ्ट तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी चिपळूणला संगणक टंकलेखनाचा वर्ग चालवते. राज्य परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसी या संगणक टंकलेखन परीक्षेची, मराठी मिनिटाला ३० आणि ४० शब्दगतीची तयारी करणारी मुले-मुली माझ्याकडे येतात. मध्यंतरी एका विद्यार्थिनीच्या घरच्या संगणकावर काहीच टाइप होईना. बटण जरा वेळ दाबून धरले तरच एखादे अक्षर उमटायचे. दुकानात जुना कीबोर्ड जोडूनही न बघता ‘गेलाय’ म्हणून सांगितले आणि नवा यूएसबी कीबोर्ड दिला. तो जोडल्यावरही तीच रड. तिचे वडील रिक्षा चालवतात. त्यांचे पैसे विनाकारण गेले, याचा मला राग आहे. जुना कीबोर्ड ठणठणीत होता.

खरे कारण वेगळेच होते. विंडोजमध्ये ‘फिल्टर कीज’ नावाची सोय असते. हात थरथरणाऱ्या माणसाकडून चुकून लागलेली बटणे संगणकाने सोडून द्यावीत म्हणून ती आहे, आणि अशा माणसांना तिचा मोठा आधार आहे. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ती सुरू करायची का, असे विचारणारी चौकट पडद्यावर येते. घाईत एंटर दाबला की ती सुरू. मग ओझरता दाब संगणक जमेस धरत नाही.

मराठी शिकणाऱ्यांना हा त्रास होण्याचे कारण इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्डच्या मांडणीत आहे. तिथे स्वर डाव्या हाताखाली आणि व्यंजने बहुतेक उजव्या. अ, इ, औ असे स्वतंत्र स्वर शिफ्ट धरूनच येतात, आणि डाव्या हाताच्या बटणासाठी शिफ्ट उजव्या करंगळीने धरायची, असेच आम्ही सगळे शिकवतो. नवखी मुलगी ‘औषध’मधला औ शोधत करंगळी रोवून बसते. आठ सेकंद कुठच्या कुठे जातात! शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबली तर ‘स्टिकी कीज’ची (शिफ्टसारखी बटणे दाबून न धरता एकामागून एक दाबता यावीत म्हणूनची सोय) चौकट येते, ती वेगळीच.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे जाऊन माउसनेच हे दोन्ही बंद करता येते, शॉर्टकटसुद्धा. तरीही कीबोर्ड चालत नसेल, तर तो हबमधून (एका पोर्टला अनेक वस्तू जोडायच्या डबीतून) काढून संगणकाच्या मागच्या पोर्टला थेट लावावा. कॅप्स लॉकचा दिवा लागतो का पाहावे. संगणक सुरू होताना बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यात) शिरून बाणांची बटणे दाबावीत. तिथे चालली तर कीबोर्ड आणि वायर शाबूत आहेत, बिघाड विंडोजमध्ये शोधायचा. पाणी किंवा चहा सांडून एका भागातली बटणे कायमची बंद पडली असतील, तर मात्र नवा घ्यावा.

दुकानदारांना माझी विनंती आहे की, गिऱ्हाईकाचा कीबोर्ड आधी आपल्या संगणकाला जोडून दाखवा. आणि राज्य परीक्षा परिषदेने केंद्रांना स्पष्ट सूचना द्यावी: प्रत्येक तुकडी बसण्याआधी सर्व संगणकांवर या दोन्ही सोयींचे शॉर्टकट बंद आहेत का ते पाहावे, ज्या परीक्षार्थींना त्यांची गरज आहे त्यांच्यासाठी त्या सुरू ठेवाव्यात, आणि केंद्रावर जादा कीबोर्ड हाताशी असावेत. गतीच्या उताऱ्याला वेळ मोजकाच असतो. त्यात चौकट उघडली तर पर्यवेक्षक येईपर्यंतची वेळ त्या मुलीला वाढवून मिळावी.

— एक टंकलेखन शिक्षिका, चिपळूण