बाबा, मशीन दादासोबत पाठवली आहे

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

दादा जो खोका घेऊन येतोय त्यात बाबांची सीपॅप मशीन आहे, झोपेत श्वास अडकू नये म्हणून रात्री लावायची. घ्यायची की नाही हे विचारायला पत्र लिहीत नाही. पैसे भरून झालेत, मशीनमध्ये डॉक्टरांनी सांगितलेला दाबही लावून झालाय. विचारलं असतं तर बाबा, तुम्ही "कापूस विकला की पाहू" म्हणाला असतात, आणि यंदा कापूस कधी विकायचा ते भाव पाहून ठरणार. भाड्यानेही मिळते, पण हे दोन-चार महिन्यांचं काम नाही, म्हणून विकतच घेतली. रागवा हवं तर, पण परत पाठवू नका.

बाबा, झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट मी नीट वाचलाय. तासाला ३८ वेळा तुमचा श्वास अडकतो, म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एकदा. रक्तातला ऑक्सिजन ७६ टक्क्यांपर्यंत उतरतो. तासाला ५ च्या आत असेल तर चालतं, ३० च्या वर गेलं की आजार तीव्र धरतात. दोन गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी, रात्री तीनदा लघवीला उठणं, गाडी चालवताना डोळा लागणं, हे सगळं यातून होऊ शकतं. मोठ्या काकाजींचं आपण "वय झालं" म्हणून सोडून दिलं होतं. तुमचं मी सोडणार नाही.

शेजारीपाजारी विचारतील, म्हणून सांगून ठेवते. ही ऑक्सिजनची मशीन नाही, व्हेंटिलेटरही नाही. खोलीतलीच हवा ती थोड्या दाबाने नाकात सोडते. ठिबकची पातळ नळी पाणी बंद असलं की चपटी पडते आणि पाणी सुटलं की गोल उभी राहते ना, तसंच घशाचं आहे. झोपेत घसा ढिला पडून मिटतो, हवेचा दाब त्याला उघडा ठेवतो. मशीन काढली की त्या रात्री घसा पुन्हा मिटतो. म्हणून ही रोज, पूर्ण रात्र लावायची. दुपारी पडलात तरी लावायची.

तुमच्यासाठी हवेचा दाब ६ ते १४ ठेवला आहे, मशीन गरजेप्रमाणे आपोआप वर-खाली करते. झोप लागेपर्यंत कमी राहावा म्हणून रॅम्प लावलाय, तो ४ पासून सुरू होतो. काहींना ४ वर उलट जीव घुसमटल्यासारखा होतो, कारण हवा कमी पडते. तसं झालं तर मास्क काढून फेकू नका, मला फोन करा. दादाकडून मी सुरुवात ५ किंवा ६ वर करून घेईन.

पहिले काही दिवस रात्रीची वाट पाहू नका. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या बघताना बसल्या बसल्या अर्धा तास मास्क लावा, मशीन चालू ठेवून. तोंड बंद ठेवायचं, श्वास नाकाने. तोंड उघडलं की हवा तिथून धावते आणि बोलता येत नाही, घाबरायचं नाही. मग रात्री लावायची. मध्येच झोपेत काढून टाकली तर जाग येईल तेव्हा पुन्हा लावा. सुरुवातीला दोन-तीन तास टिकली तरी पुढे वेळ वाढत जातो.

मास्क कसा लावायचा ते आईने पाहून ठेवावं. आधी साबणाने चेहरा धुवायचा. बाबा रात्री जे तेल लावतात ते आता नाही, व्हॅसलीनही नाही. सिलिकॉन त्याने घसरतं आणि खराब होतं. मास्क लावून आडवं व्हायचं, मशीन सुरू करायची, आणि मग पट्टे बसवायचे. उभ्याने बसवलेला मास्क झोपल्यावर हलतो. पट्ट्याखाली बोट सहज जायला हवं. हवा गळली की सगळे पट्टे ओढून घट्ट करतात, तिथेच चुकतं. मास्क नाकापासून जरा उचलायचा, कडेची गादी हवेने फुगू द्यायची आणि हळूच परत टेकवायचा. फार घट्ट केला की नाकावर वळ उठतो, सकाळी कातडी सोलते. डोळ्यांकडे हवा लागत असेल तर वरचा पट्टा थोडा बघायचा. मिशी काढायची गरज नाही बाबा, ओठावर येणारे केस फक्त बारीक करा. तरीही गळलं तर नाकपुडीत बसणारा दुसरा मास्क खोक्यात आहेच.

आणि आई, मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतून हवा येत राहते, ती गळती नाही. बाबांनी सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. त्यावर पट्टी चिकटवू नकोस, गोधडी तोंडावर ओढू देऊ नकोस.

सकाळी तोंड कोरडं पडलं तर तोंड उघडं राहिलं असं समजा, हनुवटीचा पट्टा पाठवलाय. पोट फुगलं, ढेकर येत राहिले तर हवा गिळली गेली. रात्रीचं जेवण लवकर करा, उशाकडे बाज थोडी उंच घ्या, आणि मला सांगा, दाब बघावा लागेल. सर्दीत झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात टाका, ते डब्यात आहेत. खर्रा निदान संध्याकाळनंतर नको. झोपेची गोळी कोणी दिली तर आधी मला विचारा, तिने घसा आणखी ढिला पडतो.

हवेला ओलावा द्यायला मशीनला पाण्याची टाकी आहे, तिच्यात डिस्टिल्ड पाणीच, रेघेपर्यंत. आपल्या बोअरच्या पाण्याने घागरीला पांढरा थर येतो, तोच टाकीत बसेल. उकळून सगळे क्षार जात नाहीत. एक कॅन पाठवलाय, पुढचा दारव्ह्याच्या मेडिकलमधून दादा आणेल. उरलेलं पाणी रोज सकाळी फेकायचं. मशीन जागची हलवण्याआधी टाकी काढायची, नाहीतर पाणी आत जाऊन मशीनच बसेल. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुडेल. तेव्हा ओलावा ४ वरून ३ वर आणा आणि मशीन बाजेच्या उंचीपेक्षा खाली, स्टुलावर ठेवा. नाकात पाण्याचे थेंब आले तर तेच कारण. उन्हाळ्यात कूलर लागला की ओलावा कमीच लागेल, पण कूलरची ओली हवा थेट मशीनवर नको. ३५ अंशांच्या वर तापलेल्या खोलीत मशीन चालवू नये असं पुस्तिकेत असतं, म्हणून मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत झोपू नका, माजघरात झोपा.

कापूस मात्र माजघरातून हलवा. बाबांना हे आवडणार नाही, पण मशीन खोलीतली हवा ओढते आणि रुईचे बारीक तंतू फिल्टरवर जाऊन बसतात. फिल्टर राखाडी झाला की बदला, महिना झाला नसला तरी. तो धुवायचा नसतो. मास्कची गादी रोज साध्या साबणाच्या कोमट पाण्याने, नळी आठवड्यातून एकदा. डेटॉल नाही, स्पिरिट नाही, आणि वाळवायला उन्हात टाकायची नाही.

लाईन गेली की मशीन बंद पडते. मास्क काढा, पाठीमागे लोड लावून कुशीवर झोपा. इन्व्हर्टरवर चालते, पण ओलाव्याचं हीटर आधी बंद करा, बहुतेक वीज तेच खातं. त्याशिवाय ती पंख्याहूनही कमी वीज घेते.

आता शेतातली रात्रीची जागल. हरभऱ्याला रात्रीच्या लाईनवर ओलीत आणि रानडुकरांसाठी मचाणावर झोपणं यंदापासून बंद. दादाशी बोलले आहे, शेजारच्या वावरासोबत मिळून माणूस ठेवायचा, त्याचे पैसे मी देणार. तुमच्याच्याने होत नाही म्हणून नाही बाबा, तिथे मशीन चालणार नाही म्हणून.

लहानपणी तुमचं घोरणं ऐकू आलं की बाबा घरी आहेत हे कळायचं आणि मला झोप लागायची. मधेच ते थांबायचं, तेव्हा काय होत होतं हे आता कळतंय. आई कितीतरी वर्षं ते ऐकत जागी आहे. आई, तुझीही झोप होऊ दे आता.

रोज सकाळी मशीनच्या पडद्याचा फोटो दादाच्या व्हॉट्सॲपवरून पाठवा. किती तास, गळती किती आणि तासाला किती वेळा अडकला, हे तीन आकडे दिसले पाहिजेत. शेवटचा ५ च्या खाली आणायचा आहे. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करायची नाही, महिन्याने डॉक्टरांकडे जायचं आहे. त्या दिवशी मी येते, मशीन सोबत घ्या, टाकी रिकामी करून.

तुमची लेक